मागचे चार प्लग

(सोसायटीचा ग्रुप)

ए-१०३: मंडळी, जुन्या होंडा सिटीबद्दल कोणाला माहिती आहे का? माझी २००६ची, आय-डीएसआय इंजिनवाली. एसी लावून सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर फ्लायओव्हर चढताना ओढतच नाही. नुकतीच सर्व्हिसिंग झाली, स्पार्क प्लग नवीन टाकलेत. तरी ॲव्हरेज पडलंय ते पडलंच.

बी-४०२: बिल आहे ना? प्लग किती लावलेत ते बघ.

ए-१०३: ४ लिहिलेत काका.

बी-४०२: मग अर्धेच बदललेत. तुझ्या इंजिनाला सिलिंडर चार, पण प्लग आठ. एका सिलिंडरला दोन-दोन. चार पुढच्या बाजूला, बोनेट उघडलं की त्यांच्यावरच्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) समोर दिसतात. उरलेले चार मागे, काचेखाली जी काळी जाळीची पट्टी असते तिच्या आड. तिथे हात जात नाही म्हणून बरेच जण पुढचे चार बदलून मोकळे होतात.

डी-५०४: पण काका, मागचे खराब असते तर इंजिन मिसिंग मारलं नसतं का?

बी-४०२: तिथेच तर फसगत होते, सेक्रेटरी साहेब. एक प्लगवाल्या इंजिनात प्लग गेला की तो सिलिंडरच बसतो, लहान मुलालाही कळेल इतका झटका बसतो. इथे मागच्याची ठिणगी पडली नाही तरी पुढचा पेटवतोच. फक्त जाळ एकाच बाजूने पसरतो आणि पसरायला वेळ लागतो. गाडी चालते, पण ओढ जाते आणि पेट्रोल जास्त पिते. या इंजिनाची सगळी खुबी दोन ठिणग्यांच्या वेळेत आहे. चार प्लग जुने ठेवून ती मिळायची नाही.

ए-१०३: हे घरी होईल का? दुसऱ्या गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला मागचे खोलायचे नसतात.

बी-४०२: खोलायचे नसते तर बसवले कशाला असते? होईल घरी. ताकदीचं काम नाही, जागा मोकळी करण्याचं काम आहे. लोक पट्टी न काढता, दोन जॉइंट लावून, वाकड्या हाताने पाना फिरवायला जातात. पाना तिरका बसतो आणि प्लगचा चिनी मातीचा भाग तडकतो. तडा बारीक असतो, दिसतही नाही, आणि गाडी नव्या प्लगवरही तशीच थरथरते. म्हणून आधी वायपर काढायचे, मग जाळीची पट्टी, मग वायपरची मोटर आणि दांडे. एवढं निघालं की मागच्या कॉइल दिसायला लागतात.

वायपर काढण्याआधी पाती काचेवर जिथे टेकतात तिथे चिकटपट्टी लाव, परत बसवताना तीच जागा. आपल्या हवेत वायपरचा नट गंजलेला असणारच. गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर सोड. नट निघाल्यावर दांडा सरळ उपसू नकोस, डावी-उजवीकडे हलवत वर घे. पट्टीच्या क्लिपा इतक्या वर्षांत पापडासारख्या झालेल्या असतात. पाच-सहा नव्या आधीच आणून ठेव.

सी-२०१: काका, हे कधी करायचं? ऑफिसवरून आल्यावर?

बी-४०२: अजिबात नाही ताई. रात्रभर उभी असलेली गाडी हवी. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. गरम असताना फिरवला तर प्लगबरोबर हेडचे आटे निघून येतात. मग नवे आटे पाडून इन्सर्ट, म्हणजे आट्यांची वेगळी नळी, बसवा, तेही त्या अडचणीच्या जागेत.

डी-५०४: रविवारी सकाळी स्टिल्टमध्ये, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, करा, वॉचमनला सांगून ठेवतो. फक्त शेजारच्या गाडीला जागा सोडा.

ए-१०३: थँक्यू साहेब. काका, पाने कुठले लागतील?

बी-४०२: १६ मिमीची प्लगची गोटी (सॉकेट), आत रबर किंवा चुंबक असलेली. साधी गोटी घेतलीस तर प्लग वर येताना सुटून परत आत पडतो. एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टला १० मिमी. नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, एका गल्लीत सगळं मिळेल. प्लग मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे, बाजारात नकली डब्या भरपूर आहेत. नंबर मॅन्युअलप्रमाणेच. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराच्या शेवटी ११ असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.१ मिमी. हातातून खाली पडलेला प्लग लावू नकोस, दिसायला धड असला तरी.

आता मुख्य गोष्ट, नीट वाच.

बॅटरीचा निगेटिव्ह काढ. कॉइलवर नंबरच्या चिठ्ठ्या लाव, जी जिथली तिथेच गेली पाहिजे. कनेक्टरची जीभ दाबून काढ, वायर ओढायची नाही. कॉइल थोडी पिळून सैल कर, मग वर घे. त्यानंतर प्लगला हात लावण्याआधी सायकलच्या पंपाने प्लगच्या खड्ड्यात हवा मार. तिथे वर्षानुवर्षांची माती असते. प्लग काढल्यावर ती सरळ सिलिंडरमध्ये जाईल.

प्लग पाव फेरा सैल कर. कडक लागला तर स्प्रेचे दोन थेंब सोड आणि थांब. मग थोडा पुढे, थोडा मागे, असं करत काढ.

बसवताना रॅचेट बाजूला ठेव. प्लगच्या शेंडीवर घट्ट बसेल अशी वीतभर रबरी नळी घे, पेट्रोलची जुनी पाइप चालते. नळीच्या टोकाला प्लग अडकवून खड्ड्यात सोड आणि दोन बोटांनी नळी फिरव. आटे सरळ धरले तर प्लग आपोआप खाली उतरत जातो. वाकडे धरले तर नळी प्लगवरच घसरते, तुझ्या बोटांना लगेच कळतं. रॅचेटला हे कळत नाही, तो वाकड्या प्लगलाही आत कोंबतो. नळी अडेपर्यंत फिरव, मगच गोटी लाव.

ए-१०३: आणि किती आवळायचा? दादाचा गॅरेजवाला म्हणतो जोर लावून.

बी-४०२: टॉर्क पाना मिळाला तर मॅन्युअलमधला आकडा लाव. नाही मिळाला, तर वॉशरवाला नवा १४ मिमी प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर दबतोय ते हाताला जाणवतं. तिथे थांबायचं. आणि आट्यांना ग्रीस लावू नकोस, कंपनीने मुलामा दिलेला असतो. ग्रीस लागलं की त्याच हिशेबात प्लग जास्त आवळला जातो.

सी-२०१: काका, आमची अर्टिगा सीएनजीवर आहे. आम्हालाही हे करावं लागेल का?

बी-४०२: तुमचे चारच, आणि वरच्या बाजूला खड्ड्यांत, त्यामुळे हात पोचतो. पण सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर झिजतात. डेपोत सीएनजी बसवर काम करताना आम्ही सुस्त गाडीचे प्लग सगळ्यात आधी बघायचो. साधे प्लग पेट्रोलवर ३०-४० हजार किलोमीटर धरतात, तुम्ही त्याच्या बरंच आधी उघडून बघा. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून धुऊन घेऊ नका, त्या खड्ड्यांत पाणी साचतं.

(रविवार)

ए-१०३: काका झालं!! दुपार झाली, पण आठही निघाले. मागचे हे बघा. (फोटो)

बी-४०२: मधलं टोक बघ, कडा पार गोल झाल्यात. पुढच्याशी शेजारी ठेवून बघ.

ए-१०३: हो, पुढच्यांची कडा धारदार आहे. मागच्यांत गॅप मोजायची १.१ची पट्टी खडखडते, म्हणजे गॅप वाढलाय. आयडलला थरथर नाही आता. फ्लायओव्हर संध्याकाळी बघतो. मागच्या एका प्लगला बाहेरून काळी बारीक रेघ आहे, हे काय?

बी-४०२: ठिणगी बाहेरून हेडकडे पळाल्याची खूण. त्या भोकातल्या कॉइलचं रबर उलटं करून बघ, आतही तशी रेघ असेल तर रबर बदल. नाहीतर नवा प्लगही तसाच होईल. गोटी आणि नळी सी-२०१ला दे, पुढच्या रविवारी त्यांचे बघू.