आकडी येणाऱ्या मुलाला आजीपाशी ठेवून कामावर जायचे आहे, घरच्यांना कसे शिकवावे?

प्रश्न : साताऱ्याकडची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. प्रसूती लांबल्यामुळे तो जन्मल्यावर लगेच रडला नाही आणि पहिले अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. सहाव्या महिन्यात झोपेतून उठल्यावर तो मान खाली टाकून दोन्ही हात एकदम पसरायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा तसेच करायचा. तो दचकतो आहे असे आम्हाला वाटले आणि दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात पाच आठवडे गेले. मेंदूचा आलेख काढल्यावर डॉक्टरांनी त्याला इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणारी एक प्रकारची आकडी, म्हणतात असे सांगितले आणि हॉर्मोनची इंजेक्शने व व्हिगाबॅट्रिन सुरू केले. ते झटके थांबले, पण वर्षभराने दुसऱ्या प्रकारची आकडी सुरू झाली, ती आजतागायत आहे.

सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारे दिव्यांगत्व) तो आधाराशिवाय बसत नाही आणि शब्द बोलत नाही, मात्र बाबांच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ओळखतो आणि हसतो. लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅलप्रोएट ही दोन पातळ औषधे सकाळी आठ व रात्री आठला द्यावी लागतात. साधारण तीन-चार आठवड्यांतून एकदा मोठी आकडी येते आणि दोन-अडीच मिनिटांत थांबते; एकदाच, तापात, ती लांबली आणि त्याला दवाखान्यात ठेवावे लागले.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. बिनपगारी रजा संपत आली असून जूनमध्ये शाळा उघडताना मला रुजू व्हावे लागेल. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत आणि नातवावर त्यांचा अतिशय जीव आहे, परंतु आकडी आली की त्या कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतात, मुठीत किल्ली देतात आणि दातखीळ सुटावी म्हणून तोंडात चमचा घालतात. मागच्या खेपेस हिरडीतून रक्त आले. त्यांनी आयुष्यभर जे पाहिले तेच त्या करतात, त्यामुळे मला त्यांना दोष द्यायचा नाही. मी घरात नसताना त्यांनी काय करावे हे त्यांना न दुखावता कसे शिकवावे? गावच्या अंगणवाडीत दोन तास तरी पाठवावे असे वाटते, पण तेथे 'याला घरीच ठेवा' असे सांगण्यात आले. आणि अशा मुलाला सोडून आईने कामावर जावे का, हाही प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

उत्तर : नाशिकची आई

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. जावे. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. पहिली पाच वर्षे मी तिला कोणाच्याही हाती दिले नाही आणि त्याचा मला अभिमानही वाटत असे. सहाव्या वर्षी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन अचानक करावे लागले, तेव्हा घरात कोणालाही तिच्या औषधाची मात्रा ठाऊक नव्हती. दोन वेळची औषधे चुकली आणि तिसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर व ती खालच्या मजल्यावर, अशा आम्ही दोघी एकाच दवाखान्यात होतो. आपल्याशिवाय कोणालाच काही येत नसेल, तर मूल सुरक्षित राहत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आता सासूबाईंविषयी. डोळ्यांसमोर नातू थरथरत असताना हातावर हात ठेवून बसणे कोणत्याही आजीला शक्य नसते. कांद्याने वा किल्लीने आकडी थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि तोवर कांदा हाती असल्यामुळे श्रेय त्याला जाते. 'काही करू नका' असे सांगून उपयोग होत नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत अनुभवले. मग आम्ही तिला कामे नेमून दिली. पहिले काम म्हणजे भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ मोठ्याने म्हणणे. मोठ्याने अशासाठी, की आवाज काढला की माणूस भानावर राहतो आणि वेळही विसरत नाही. दुसरे, मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवून डोक्याखाली घडी केलेले लुगडे सरकवणे. तिसरे, गळ्याजवळची गुंडी सोडणे आणि लाळ पदराने टिपत राहणे. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचे नाही आणि पूर्ण जाग येईपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. जीभ गिळली जाईल ही भीती बहुतेकांच्या मनात असते. जीभ गिळली जात नाही, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगणे आणि डॉक्टरांनी सांगणे यांत फरक पडतो, म्हणून पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या.

आकडी पाच मिनिटांपर्यंत थांबली नाही, तर मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे वापरतात. तुमच्याकडे तो नसेल तर डॉक्टरांना अवश्य विचारा आणि वजनाप्रमाणे किती फवारे, हे त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. मूल वाढते तसा हा आकडा बदलतो. नव्या बाटलीतून औषध यायला आधी हवेत काही फवारे मारावे लागतात. हे माहीत नसल्यामुळे आमच्या घरी एकदा नाकात नुसती हवा गेली होती. बाटलीची मुदत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहायची आणि तिची जागा कधीही बदलायची नाही. स्प्रे देऊनही आकडी थांबत नसेल, शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, ओठ निळे पडले, श्वास संथ वाटला किंवा डोक्याला मार लागला, तर १०८ला फोन करायचा, आणि मगच तुम्हाला. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावा, कारण घाबरलेले माणूस आधी घरच्यांनाच फोन करत बसते.

रोजच्या औषधांबद्दलही सांगते. सिरिंजवर मात्रेच्या खुणेपाशी नेलपॉलिशची रेघ ओढा, दोन औषधांना दोन रंग द्या. कागदावर मात्रा मिलिलिटर आणि मिलिग्राम अशा दोन्ही मापांत लिहा, कारण दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली आणि तिची तीव्रता वेगळी निघाली, तर तेवढेच मिलिलिटर देऊन चालत नाही. औषध दिल्यावर कॅलेंडरवर फुली मारायची, म्हणजे 'दिले का?' या शंकेने दुसऱ्यांदा दिले जाणार नाही. औषध दिल्यानंतर लगेच उलटी झाली तर किती वेळाच्या आत पुन्हा द्यायचे, हेही आजच विचारून ठेवा.

तालीम मात्र खरोखर करा. आम्ही उशी घेऊन चार वेळा केली. नंतर एका शांत दुपारी मोबाइलवर काढलेले आकडीचे चित्रण आईसोबत बसून पाहिले. प्रत्यक्ष आकडीत तिने कधी घड्याळाकडे पाहिलेच नव्हते; चित्रणात पाहिल्यावर ती म्हणाली, 'मला वाटत होते अर्धा तास चालते.' ती आकडी पावणेदोन मिनिटांची होती. त्यानंतर मी आधी दुकानापर्यंत जाऊन यायची, मग तासाभरासाठी, मग अर्धा दिवस. तुमच्या हाती जूनपर्यंत वेळ आहे, तेव्हा आजच सुरुवात करा.

उत्तर : सांगलीचे आजोबा

माझ्या नातीला सात वर्षांपासून हा आजार आहे, म्हणून आजीच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आमच्या पिढीने फेफरे म्हणजे घरात लपवायची गोष्ट म्हणूनच पाहिले. माझ्या थोरल्या चुलतभावाला लग्नाकार्यात माजघराबाहेर येऊ देत नसत आणि त्याचे लग्नही झाले नाही. हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार हा लग्नाच्या आड येणारा आजार म्हणून लिहिलेला होता. तो उल्लेख १९९९ साली काढण्यात आला, म्हणजे तुमच्या सासूबाईंची मुले मोठी झाल्यानंतर. ही भीती त्यांनी स्वतः तयार केलेली नाही.

दुसरे असे, की त्यांना आकडीपेक्षा अधिक भीती एका वाक्याची वाटत असेल. 'तुमच्यापाशी होता तेव्हाच झाले', हे ते वाक्य. माझी पत्नी नातीला सांभाळायला वर्षभर तयार नव्हती आणि कारण विचारले तर गुडघे दुखतात असे सांगत असे. शेवटी सुनेने सर्वांच्या देखत सांगितले, 'आई, तुमच्यासमोर तिला काहीही झाले तरी मी तुम्हाला कधी बोल लावणार नाही, कारण माझ्यासमोरही तसेच होऊ शकते.' दुसऱ्या दिवसापासून गुडघ्यांचा उल्लेख बंद झाला. आपण हे आपल्या सासूबाईंना सांगितले आहे का? सांगितले नसेल तर कागद भिंतीवर लावण्याआधी सांगा, आणि आपले यजमान समोर असताना सांगा.

उत्तर : पुण्यातील एक बाबा

आपल्या सविस्तर प्रश्नात मुलाच्या वडिलांचा उल्लेख त्यांच्या मोटारसायकलपुरताच आला आहे, याकडे मी आदरपूर्वक लक्ष वेधू इच्छितो. माझ्या मुलालाही सेरेब्रल पाल्सी आहे. साडेचार वर्षांचे मूल उचलून बाथरूमपर्यंत नेणे ६६ वर्षांच्या कमरेला रोज जमणारे नाही, आणि मूल तर वाढतच जाणार. स्प्रे देणे, औषध मोजणे, आंघोळ घालणे आणि घास भरवणे वडिलांना संपूर्ण येत असले पाहिजे. 'मदत करतो' हा शब्द मी स्वतः आमच्या घरात वापरणे बंद केले आहे. पाळीची नोकरी असेल तर आंघोळ व एक जेवण त्यांच्या वेळेत बसवता येते. भरवणे आणि उचलणे यांचा भार आजींवर कमीत कमी राहिला, तरच हे सगळे टिकेल, असे मला वाटते.

उत्तर : विशेष शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

भरवण्याचा मुद्दा निघाला आहे म्हणून त्यावरच लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आकडीइतकाच त्रास चुकीच्या पद्धतीने भरवल्यामुळे होतो. मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवल्यास घास फुप्फुसाकडे जातो आणि मुलाला वारंवार खोकला व छातीचा संसर्ग होतो. त्याला सरळ बसवून, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली, अशा स्थितीत चमचा समोरून, त्याच्या तोंडाच्या पातळीवर आणावा. कोपऱ्यात बसणारी, पुढे फळी असलेली लाकडी खुर्ची गावचा सुतार करून देतो. मापे मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या. मऊ भात-वरण आणि नाचणीचे दाटसर सत्त्व ही मुले सहज गिळतात. पातळ ताक किंवा पाणी मात्र पटकन ठसकवते. हे सासूबाईंना आकडीच्या कागदाबरोबरच दाखवा.

अंगणवाडीने नकार देऊ नये, यासाठी तुमच्याकडे आधार आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आहे, आणि तिचा रोख अशा मुलांना लवकर ओळखून सामावून घेण्यावरच आहे. पर्यवेक्षिकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत आकडीच्या वेळी काय करावे याचा तोच कागद जोडा. अंगणवाडीच्या ताईंच्या नकारामागेही बहुधा तुमच्या सासूबाईंच्या मनातलीच भीती असते, तेव्हा अर्ज देण्याआधी त्यांनाही एकदा उशीवरची तालीम दाखवावी, असे मी सुचवेन.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले नसेल तर या उन्हाळ्यात काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे केवळ आकडीची कागदपत्रे घेऊन गेलेले पालक परत येतात. सेरेब्रल पाल्सी मात्र त्या यादीत आहे, म्हणून अर्ज तिच्यासाठी करा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले, तर ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याला मिळतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण असून त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचाही खर्च येतो.

साताऱ्याकडची आई, सात आठवड्यांनंतर

सर्वांची मी ऋणी आहे. आजोबांनी सांगितले तसे मी यजमानांच्या समोर सासूबाईंना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग 'कागद मोठ्या अक्षरात काढ' एवढेच म्हणाल्या. सकाळची आंघोळ आणि नाश्ता आता यजमानांकडे आहे; पहिल्या आठवड्यात दोघेही रडले, आता मुलगा पाण्याच्या आवाजाने हसतो. पुण्याच्या दादांचे म्हणणे त्यांनी स्वतः वाचले आणि त्यांना ते लागले, हे येथे लिहायला त्यांनीच सांगितले.

मागच्या गुरुवारी मी पंचायत समितीत गेले असताना आकडी आली. मी पोहोचले तेव्हा तो कुशीवर झोपलेला होता, डोक्याखाली लुगड्याची घडी होती आणि सासूबाई कॅलेंडरवर वेळ लिहीत होत्या. कांदा फोडून ठेवला होता, पण तो ओट्यावरच होता. नंतर त्या पदर तोंडाला लावून रडल्या आणि मीही रडले. अंगणवाडीच्या अर्जाची पोच मिळाली असून पर्यवेक्षिका सोमवारी घरी येणार आहेत. तालीम त्यांना सासूबाईच दाखवणार आहेत.

एक अडचण त्यांनीच दाखवली. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नाही, त्यामुळे 'दोन किंवा तीन मिनिटे' एवढेच लिहिता आले. काल यजमानांनी मोठ्या लाल सेकंदकाट्याचे घड्याळ आणून मुलाच्या गादीसमोर लावले आहे.