जुन्या गाडीचा पासिंगचा टक्का : गुण मॉडेलचा की मालकाचा?

रॅम्पखालून (धागाकर्ता)

दहा-पंधरा वर्षं वापरलेली गाडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: या मॉडेलचा पासिंगचा टक्का, म्हणजे तपासणीत पास होणाऱ्या गाड्यांचं प्रमाण, किती? ब्रिटनमध्ये तीन वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीला दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते आणि तिथलं सरकार या चाचण्यांचे निकाल सगळ्यांसाठी खुले करतं. जर्मनीत तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी असते, तिथे ट्यूव्ह ही तपासणी करणारी संस्था दरवर्षी मॉडेलनिहाय अहवाल काढते. त्यातून याद्या बनतात, अमुक मॉडेल उत्तम, तमुक टाकाऊ. लोक यादी बघून व्यवहार करून मोकळे होतात.

जुन्या गाडीच्या बाबतीत या टक्क्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

नापास होण्याची कारणं आधी बघा. ब्रिटनमध्ये साधारण ३० टक्के मोटारी पहिल्या खेपेला नापास होतात. त्यात दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर हीच नावं वर असतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की नापास. ब्रेकलाइटचा बल्ब गेला की नापास. आणि सस्पेन्शन जिथे चेसिसला धरलंय तिथला पत्रा गंजून गेला असेल तरी नापासच. टक्क्यात तिन्ही सारखेच मोजले जातात. पहिल्या दोन गोष्टी मालकाला आदल्या दिवशी दारात उभं राहून दिसतात. तिसरी गाडीच्या बनावटीत असते, आणि जुनी गाडी भंगारात जाते ती अनेकदा तिच्यामुळे. मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवायला तिसरीच उपयोगी पडते, पण यादीत ती बल्बांच्या ढिगाखाली दबलेली असते.

दुसरं, गाडी जितकी जुनी तितका आकडा जास्त फसवतो. वाईट नमुने मध्येच भंगारात गेलेले असतात. नापास होणारी मुलं शाळा सोडून गेली की वर्गाचा निकाल सुधारतो, तसंच हे. वीस-पंचवीस वर्षांनंतर उरलेल्या गाड्या बहुतेक जिवापाड जपलेल्या असतात. त्यांचा टक्का बघून 'हे मॉडेल टिकाऊ' म्हणणं चूक आहे.

---

आकडेमोड

असहमत, आणि मुळातूनच.

बल्ब सगळ्याच मॉडेलचे जातात, टायर सगळ्यांचेच झिजतात. हजारो गाड्यांची सरासरी काढली की हा भाग सगळ्यांना थोडाफार सारखा लागू होतो. दोन मॉडेलांत उरतो तो फरक कशाचा? बराचसा बनावटीचाच. म्हणजे तुम्ही ज्याला ढीग म्हणताय तो तुलनेत आपोआप वजा होतो.

तरीही मालकाचा हात असतोच, मान्य. ट्यूव्हच्या अहवालात पोर्शे ९११ ही महागडी स्पोर्ट्सकार जुन्या वयोगटातही वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असते आणि डॅसिया लोगान ही स्वस्तातली गाडी तळाला. ९११ कमी चालते, गॅरेजमध्ये झाकून ठेवली जाते, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं. लोगान घेणारा खर्चाला जपून असतो, शॉकअप वाजायला लागले तरी 'अजून चालतंय' म्हणतो. तुम्ही म्हणाल, म्हणजे टक्का मालकाचा झाला. पण जुनी गाडी घेणारा माणूस कारखान्यातून गाडी घेत नाही, आधीच्या मालकाच्या हातून घेतो. त्या मालकाने केलेली हेळसांड गाडीबरोबर त्याच्या दारात येते. ज्या मॉडेलचे मालक सर्रास दुर्लक्ष करतात, त्या मॉडेलची हाती पडणारी गाडी दुर्लक्षित असण्याची शक्यता जास्त. खरेदीदाराला हेच तर कळायला हवं आणि टक्का तेच सांगतो.

---

ग्रीसचे हात

मी रोज गाड्या रॅम्पवर घेतो. तुमच्या दोघांच्याही बोलण्यात गंज नुसताच येऊन गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझदा एमएक्स-५ घ्या, पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ ते २००५. इंजिन दणकट, गिअरबॉक्स सुरेख. पण कापडी छपरावरचं पाणी सीटमागच्या कोपऱ्यांतल्या दोन छिद्रांतून खाली जातं. पानं, माती, धूळ साचून ती छिद्रं बुजली की पाणी तिथेच तुंबतं आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत मुरतं. ही पट्टी मग मागच्या चाकाच्या पुढ्यात आतून कुजते. बाहेरून रंग ठीक दिसतो. बोट फिरवलं की लहान फोड लागतात, आणि बोथट टोकाने दाबलं की पत्रा आत जातो. दुसऱ्या पिढीत भर म्हणजे पुढच्या चेसिसचा पत्रा दुहेरी आहे, दोन थरांच्या मधे ओल धरते आणि गंज आतून बाहेर येतो. खालून प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे तो लवकर दिसतही नाही.

आता हा दोष मालकाचा की मॉडेलचा? छिद्रं साफ ठेवणं मालकाचं काम. पण पाणी त्या पट्टीकडे नेलं ते गाडी आखणाऱ्यांनी. त्यामुळे 'सगळं मालकावर आहे' हे मला पटत नाही.

टक्काही पटत नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे. एमओटी करणाऱ्याला गाडीचा कुठलाही भाग उघडायची परवानगी नसते. आवरण काढायचं नाही, गालिचा उचलायचा नाही. दिसेल तेवढं बघायचं, हलकं ठोकून-दाबून बघायचं. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या पकडीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झालेला सापडला तर नापास. आवरणामागे किंवा डांबरी लेपाखाली तोच पत्रा कुजत असेल तर गाडी पास होऊन जाते, आणि दोन-तीन वर्षांनी एकदम मोठ्या वेल्डिंगला येते. तोवर तिने प्रत्येक वर्षी मॉडेलच्या टक्क्यात भरच घातलेली असते.

---

चारचाकी ताई

सगळं वाचलं. गाडीखाली वाकून बघितलं तरी मला त्यातलं काही कळणार नाही, आणि माझ्यासारखे लोकच जास्त आहेत. विकणारा म्हणतो 'मक्खन आहे गाडी', मेकॅनिक म्हणतो 'बघायला लागेल'. या सगळ्यात माझ्या हातात कुणाचाही स्वार्थ नसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे हा टक्का. रॅम्पखालूनदादा, तुम्ही तो काढून घेताय, पण त्याच्या बदल्यात काय देताय? तुम्हाला डोळा आहे म्हणून तुम्हाला टक्का नको वाटतो.

---

क्लचप्लेट

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. या चाचणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासत नाहीतच. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, उद्या तुटणार असला तरी गाडी आज पास होते. चाचणी गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का आणि धूर किती सोडते एवढंच बघते. 'पास होते म्हणजे भरवशाची' हे समीकरण बांधलं ते याद्या करणाऱ्यांनी.

---

जुनं ते सोनं

या धाग्यावर जुन्या गाड्यांना उगाच घाबरवलं जातंय. ऐंशीच्या दशकातली साधी, कार्ब्युरेटरची गाडी व्यवस्थित राखली तर वर्षानुवर्षं विनातक्रार पास होते. नव्या गाड्या सेन्सरपायी अडकतात. ट्यूव्हच्या २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये सर्वांत तळाला टेस्ला मॉडेल ३ होती, १४.७ टक्के गाड्यांत गंभीर दोष. मग भरवसा कशाचा धरायचा? जुन्या मॉडेलचा पासिंगचा टक्का चांगला आहे तो त्याने कमावलेला आहे.

---

रॅम्पखालून

जुनं ते सोनं, टेस्लाचा आकडा बरोबर आहे, पण ती सेन्सरपायी अडकली नव्हती. ॲक्सलचं सस्पेन्शन, ब्रेक डिस्क आणि दिवे ही तिथली मुख्य कारणं होती. विजेवरची गाडी मोटरनेच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज चढतो.

आता तुमचा मुख्य दावा. जुनी गाडी पास होते त्याचं एक मोठं कारण असं की तिला विचारले जाणारे प्रश्नच कमी आणि सोपे आहेत. ब्रिटनचेच नियम घ्या. १९८६ च्या ऑगस्टपासून १९९२ च्या जुलैपर्यंत रस्त्यावर आलेल्या पेट्रोल गाडीला धुरात ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. त्याआधीच्या गाडीला ४.५ टक्के, आणि १९७५ च्या ऑगस्टच्या आधीची असेल तर धूर नुसता डोळ्यांनी बघतात. २००२ नंतरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग असलेली गाडी मात्र चढ्या आयडलवर (उभ्या गाडीचं इंजिन जरा जोरात फिरवून) साधारण ०.२ टक्क्यांच्या आत राहायला हवी. तुमची गाडी त्या मर्यादेच्या सतरा पट कार्बन मोनॉक्साइड सोडूनही पास. जिला एअरबॅग नाही, एबीएस नाही, तिचे इशारा दिवे लागणारच कुठून? ब्रेकचंही तसंच. सप्टेंबर २०१० पासूनच्या मोटारीला ५८ टक्के ब्रेकक्षमता दाखवावी लागते, त्याआधीच्या मोटारींना ५० पुरते.

नियम असे असणं योग्यच आहे, गाडी तिच्या काळाच्या मापाने मोजायला हवी. पण मग ३५ वर्षांच्या मॉडेलचा टक्का १५ वर्षांच्या मॉडेलशेजारी ठेवून 'जुनं जास्त भरवशाचं' म्हणता येणार नाही.

---

आकडेमोड

हे मान्य. वेगळ्या वयाच्या गाड्यांची तुलना मीही करत नाही. पण एकाच वयाच्या, एकाच आकाराच्या, जवळपास सारख्या चाललेल्या दोन मॉडेलांची तुलना करा, मग तुमचे आक्षेप बरेच विरघळतात. नियम सारखे, रस्ते सारखे, भंगारात गेलेल्यांचं प्रमाणही साधारण जवळपास. तिथेही एक मॉडेल सातत्याने मागे राहत असेल तर त्यात काहीतरी आहे. ग्रीसचे हात यांनी सांगितलेला लपलेला गंजही उशिरा का होईना आकड्यात उतरतोच, कारण ती गाडी कधी ना कधी नापास होतेच.

चारचाकी ताईंच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही, तेही द्या.

---

रॅम्पखालून

ताई, देतो.

टक्का सरासरी गाडीचा असतो, तुम्ही घेणार ती एकच गाडी. आणि जिथे निकाल खुले असतात तिथे त्या एका गाडीची माहिती बघायला मिळते. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की प्रत्येक चाचणीचा निकाल, त्या दिवशीचा मीटर आणि नापास होण्याची कारणं समोर येतात. त्याखाली 'सूचना' असतात, म्हणजे आज नापास करण्याइतकं नाही, पण लक्ष ठेवा असं. ते वाचायला गाडीखाली वाकावं लागत नाही.

त्यात हे बघा. एकच सूचना वर्षामागून वर्ष येतेय का? 'मागच्या ब्रेक पाइपवर गंज' असं लागोपाठ लिहिलेलं असेल आणि पाइप कधीच बदललेला नसेल तर मालक पासिंगपुरतंच करणारा आहे. 'गंज' हा शब्द आधी एका बाजूला आणि पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंना आला तर ती गाडी सोडा, भाव कितीही पाडून मिळाला तरी. टायर, वायपर, बल्ब यांवर नापास होऊन त्याच दिवशी पास झालेली गाडी मात्र नुसत्या त्या नापासामुळे बाद करू नका, तिला फक्त आळशी मालक मिळाला होता. शेवटी मीटर. एका वर्षी आकडा अचानक कमी झालेला दिसला तर विक्रेत्याला तिथेच विचारा.

आणि क्लचप्लेट म्हणतात ते धरून टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती वेगळी मागा, ती या इतिहासात कधीच सापडणार नाही.

---

ग्रीसचे हात

ताई, यात माझी एक भर. मॉडेल ठरलं की ते नेमकं कुठे गंजतं एवढं विचारून या, आणि गाडी बघायला जाताना तीच जागा मेकॅनिकला दाखवायला सांगा. पूर्ण तपासणीपेक्षा कमी वेळ लागतो आणि खरा घोळ बहुतेक तिथेच सापडतो. माझ्याकडे ताज्या पासिंगची गाडी आली होती, चकचकीत, कागद सगळे जागच्या जागी. पुढचं आवरण काढलं आणि चेसिसच्या पत्र्याचा तुकडा हातात आला.

---

चारचाकी ताई

हे उपयोगाचं आहे, आभार. पण तरी सांगते, शंभर मॉडेलांतून पाच निवडायला मी टक्काच वापरणार. शंभरांचा इतिहास वाचत बसणं कुणालाच शक्य नाही.

---

आकडेमोड

मी पहिल्यापासून एवढंच म्हणतोय, ताई. चाळणी म्हणून टक्का घ्या.

---

रॅम्पखालून

चाळणी म्हणूनही मला तो खटकतो. लोगानसारखं साधं, दुरुस्तीला सोपं मॉडेल त्या चाळणीतून आधीच गळून पडतं, आणि एखाद्या जपणाऱ्या मालकाकडची चांगली लोगान तुमच्या यादीत कधी येतच नाही. निदान चाळणीची भोकं मोठी ठेवा, पाचाऐवजी वीस मॉडेलं घ्या आणि मग एकेका गाडीचा इतिहास काढा.