कूलर, शीतक की आणखी काही?

माळव्यातला
मामांचा २००१ सालचा काँप्युटर पुन्हा सुरू करायचा आहे. आत एएमडी कंपनीचा ॲथलॉन थंडरबर्ड प्रोसेसर आहे, १ गिगाहर्ट्झचा, बोर्डवरच्या सॉकेट ए या बैठकीवर बसणारा. मंडळाच्या स्मरणिकांची पानं त्यात जुन्या फाँटात आहेत. नव्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. प्रोसेसरवरचा पंखा जाम झालाय. मामा ग्वाल्हेरला, मी इंदूरला. सिल्व्हर मॉलमध्ये चकरा मारून दोन जुने कूलर (पंखा आणि त्याखालचा पात्यांचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक) मिळाले, त्यातला एक कुरियरनं पाठवायचाय. मामा स्वतःच बसवणार, म्हणून पानभर सूचना मराठीत लिहिल्या. पहिलंच वाक्य होतं, 'कूलर बसवण्याआधी जुनी पेस्ट पुसून काढा.' (पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात ती.)

ते मामींनी वाचलं आणि फोन आला, "अरे, नोव्हेंबरात कूलर कशाला पाठवतोस? आणि ठेवायचा कुठे?"

त्यांचं काय चुकलं? आपल्या दोन्ही गावांत कूलर म्हणजे मार्चअखेरीस माळ्यावरून उतरतो तो. तीन बाजूंना गवत, खाली पाण्याची टाकी. मग मी हीटसिंकसाठी 'उष्णताशोषक' लिहिलं. त्यावर मामा म्हणाले, "शोषून घेतो, मग ठेवतो कुठे?"

शब्द सुचवा. कागद आठवड्याभरात पाठवायचाय.

शब्दवेध
'शीतक' लिहा. छोटा, उच्चाराला सोपा, 'क' प्रत्ययानं कर्ता दाखवणारा. महापौर, दिनांक हे शब्द आले तेव्हाही लोकांना परकेच वाटले होते. वापरले म्हणून रुळले. आपणच कूलर-कूलर करत राहिलो तर मराठी शब्दाला जागा कधी मिळणार?

लष्करची लेक
शीतक म्हटल्यावर मला गाडीच्या रेडिएटरमध्ये ओततात ते आठवतं. शिवाय फ्रिजला शीतकपाट म्हणणारे आहेतच. माझा मुख्य आक्षेप अर्थाला आहे. घरातला कूलर पाण्याची वाफ करून हवा खरोखर गार करतो. प्रोसेसरवरचा हा भाग काहीच गार करत नाही, चिपची उष्णता फक्त लांब नेऊन सोडतो. खोलीत ४२ अंश असतील तर चिप त्याखाली जायची नाही. मग त्याला शीतक म्हणणं बरोबर कसं?

दांडिया बाजार
लष्करताईंशी सहमत. पण मामांच्या प्रश्नाला उत्तर आहे. आपल्याकडे शोषखड्डा असतो ना? सांडपाणी त्यात जातं, पण साठत नाही, जमिनीत मुरतं. हीटसिंकमधला सिंक तोच. म्हणजे शोषक चूक नाही, पण खरी क्रिया निचऱ्याची आहे. मी 'उष्णतेचा निचरा' म्हणेन.

पंख्यावरून आठवलं. आमची आजी पंख्याला विंझणा म्हणायची. मूळ संस्कृत व्यजन. पंखा आला पक्षावरून, म्हणजे पिसांच्या पंखावरून. विंझण्यात वारा घालण्याची क्रिया आहे, पंख्यात फक्त आकार आहे.

आणि शब्दवेध, परक्या शब्दांची एवढी भीती नको. आमच्या बडोद्यात सयाजीरावांच्या काळी, १९३१ मध्ये, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. त्यात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेत. फारसी आहे, उर्दू आहे, संस्कृतही आहे.

शब्दवेध
त्याच कोशाचं उदाहरण माझ्या बाजूनं आहे. राज्य चालवणाऱ्यानं ठरवलं की इंग्रजी शब्दाला आपल्या भाषांत शब्द हवा, म्हणून तो कोश झाला. 'चालतंय ते चालू द्या' म्हणून नाही. विंझणा मात्र मनापासून आवडला. शीतक आणि विंझणा, दोन्ही लिहा.

सोल्डर
शब्द सावकाश ठरवा, पण कागदात पुढचं लिहिलंत का? नसेल तर आज लिहा.

हीटसिंक उलटा करून बघा. खालच्या सपाट तळाला एका कडेला पायरी असते. सॉकेटच्या ज्या बाजूला उंचवटा आहे आणि त्यावर सॉकेटचं नाव छापलंय, त्यावर ती पायरी आली पाहिजे. उलटं बसवलं तर हीटसिंक त्या उंचवट्यावर तिरका टेकतो आणि चिपला नीट लागतच नाही. थंडरबर्डच्या आत तापमान मोजणारं काही नाही, ते पुढच्या ॲथलॉन एक्सपीत आलं. बोर्ड जे तापमान दाखवतो ते सॉकेटखालच्या सेन्सरचं, आणि तो मागाहून जागा होतो. चिप काही सेकंदांत जाते.

दुसरं, हीटसिंक सॉकेटला धरून ठेवणारी क्लिप. सॉकेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लास्टिकचे दात असतात. एकाच दातावर अडकणारी क्लिप घेऊ नका, जुनं प्लास्टिक तुटतं. तिन्ही दात धरणारी घ्या. वजन ३०० ग्रॅमच्या आत, एएमडीनं तेवढंच सांगितलं होतं. आणि इंटेलच्या पेंटियम थ्री प्रोसेसरचा छोटा कूलर यावर बसतो म्हणून चालतो असं नाही. हा प्रोसेसर ५४ वॅटपर्यंत जातो, पेंटियम थ्री साधारण त्याच्या निम्म्यावर.

मी २००२ मध्ये क्लिप दाबताना हीटसिंक एका कोपऱ्यावर कलंडू दिला. चिपच्या कोपऱ्याचा टवका उडाला, तांदळाच्या कणीएवढा. मशीन परत लागलं नाही. तो पगार अजून आठवतो.

लष्करची लेक
टवका! बघा, हा शब्द कोणाला घडवावा लागला नाही. क्लिपलाही आहे. दात म्हणजे कोयंडा, क्लिप म्हणजे कडी. 'कडी तिन्ही कोयंड्यांत अडकवा' हे मामींनाही कळेल.

शब्दवेध
कडी-कोयंडा दाराचा. तिथे कडी सैल असते, इथे स्प्रिंगचा ताण आहे. वाचणारा हलक्या हातानं घालायला जाईल आणि बसलीच नाही म्हणून सोडून देईल.

दांडिया बाजार
मग 'खिट्टी'? की तीही दाराचीच झाली? आणि पेस्टला लुकण म्हणायला काय हरकत आहे? चिप आणि हीटसिंकमधल्या बारीक फटी भरते, लुकणाचं कामच ते.

सोल्डर
लुकण वाळून घट्ट होतं. पेस्ट वाळली तरच ती बदलायची. नका लिहू. मामा ते वाळेपर्यंत थांबतील.

माळव्यातला
सोल्डर, पायरीचं लिहिलं नव्हतं. आता पहिल्या ओळीत घातलंय, चित्र काढून. दोनांपैकी एकाची क्लिप एकाच दातावरची निघाली, तो बाजूला ठेवला.

काल मामांना फोटो पाठवले. ते हीटसिंकला सरळ 'फणी' म्हणाले. "फणी खाली, पंखा वर, बरोबर?" मी हो म्हटलं. कागदात तेच लिहू का?

शब्दवेध
फणी उवा काढायची. धातूच्या पात्यांना शोभत नाही.

लष्करची लेक
आमच्याकडे हातमागाच्या फणीलाही फणीच म्हणत. सारख्या अंतरावर उभ्या पात्या, मधून मोकळी वाट. मला तर पटली.

दांडिया बाजार
पण काही हीटसिंक गोल असतात, मधून चहूकडे फाकलेले. त्याला फणी कशी म्हणणार?