जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन, थंडीतून येऊन तयारी कशी करायची?

प्रेषक: माहीमची लेक, सध्या मिसिसॉगा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीत सगळे बुडालेले असणार माहितीये, तरी आत्ताच विचारून घेते, नंतर विचारून उपयोग नाही. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ पळायचं ठरवलंय, नावही घातलंय. मी काही मोठी रनर नाही, आठवड्यातून तीनदा ऑफिसच्या आधी पाच-पाच किलोमीटर आणि मे महिन्यात एक दहाची रेस केली, बस. २१ किलोमीटर आयुष्यात कधी पळाले नाहीये. पण ही हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते, आईबाबा अजून तिथेच जवळ राहतात, ज्या रस्त्यांवर लहानाची मोठी झाले तिथून पळायला मिळणार म्हणून मला हीच करायचीये, इथली नाही.

अडचण अशी की नोव्हेंबरपासून इथे थंडी, डिसेंबरात बर्फ, म्हणजे निम्मं ट्रेनिंग ट्रेडमिलवर नाहीतर जॅकेट घालून, आणि पळायचं मात्र मुंबईत. सुट्टी मोजकी आहे म्हणून रेस रविवारी तर आदल्या गुरुवारी पोचायचं असं तिकीट बघतेय. नेटवर एक तक्ता मिळालाय, माझ्या दहाच्या वेळेवरून हाफ सव्वादोन तासांत होईल असं त्यात येतंय, ते धरून चालू का? आणि आई रोज फोनवर सांगते की गुडघे जातील. कोणी पळालंय का मुंबईत? सविस्तर सांगा प्लीज.

———

प्रेषक: मंडळाची जुनी सभासद, आता दादर

अगं काय मस्त बातमी दिलीस! मी तिकडे असताना बर्फातही पळायचे आणि आता कायमची दादरला आलेय, ही हाफ बऱ्याचदा केलीये, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी ते सव्वादोन तास डोक्यातून काढून टाक. तो तक्ता तुझ्या मे महिन्यातल्या थंड कोरड्या हवेवर बेतलाय. मुंबईत जानेवारीत पहाटे १७-१८ डिग्री असतं, ऐकायला छानच वाटतं, पण हवा दमट. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तर अंग थंड होतं, आणि इथे तो पावसाळ्यात दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारखा वाळतच नाही, नुसता गळत राहतो. मग अंग थंड ठेवायला शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि तिकडे आरामात जमणाऱ्या वेगाला इथे धाप लागते. तुझी तयारी कमी पडते असं नाही, हवाच वेगळी आहे. म्हणून मुंबईत घड्याळातल्या पेसवर, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्यावर नाही, श्वासावर पळायचं, हे माझं ठाम मत आहे आणि तू पहिल्यांदाच २१ करणार आहेस म्हणून तर जास्तच.

दुसरं तिकीट. गुरुवारी उतरून रविवारी पळू नकोस गं. शरीराला उकाड्याची सवय होते, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, ठोके खाली येतात. हे सगळं थोडं थोडं रोज पळूनच होतं, एसीत बसून होत नाही. वर साडेदहा तासांचा वेळेतला फरक. गंमत म्हणजे त्याचा पहाटे उठायला फायदाच होतो, कारण आपले पाच वाजतात तेव्हा तुमचे आदल्या संध्याकाळचे साडेसहा, झोप आपोआप उडते, पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही त्याचं काय करणार. सुट्टी वाढवता येत नसेल तर इथून थोडं काम करता येईल का ऑफिसला विचार. निदान दहा दिवस तरी काढच.

आता ट्रेनिंग. आजपासून साधारण वीस आठवडे हातात आहेत, भरपूर झाले. तुझे ते तीन दिवस तसेच ठेव, फक्त त्यातला एक रविवारचा लाँग रन कर आणि तोच हळूहळू वाढव. आत्ता सात-आठ, मग दर आठवड्याला एखादा किलोमीटर, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं, तेव्हा हात शिवशिवले तरी वाढवायचं नाही, कारण स्नायू आणि हाडं तेव्हाच सावरतात. नाताळच्या आठवड्यात १८-१९ झाले की पुरे, २१ आधी करून बघायची काही गरज नाही. त्यानंतर अंतर उतरवत आणायचं. लाँग रन इतका हळू हवा की पळता पळता अठराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे, मधे श्वास तुटला तर तू जोरात पळतेयस. बहुतेक हौशी लोक इथेच चुकतात, रोजचंच पळणं अर्धवट जोरात करतात, मग रविवारी पायात काही उरत नाही. मधे मधे एखादा मिनिट चालायलाही काही हरकत नाही, बरेच जण दर दहा मिनिटांनी ठरवून चालतात आणि शेवटी ताजेतवाने पोचतात.

ट्रेडमिलचं म्हणशील तर तो तुला इथे उपयोगीच पडेल. डिसेंबरातल्या छोट्या रन्सना पंखा बंद ठेव, एक फुल टीशर्ट जास्त घाल, म्हणजे उकाड्याची थोडी सवय होईल. पेस कमीच ठेव, आकडा बघून वाढवू नकोस. आणि थोडा चढ देऊन पळत जा, का ते पुढे सांगते.

———

प्रेषक: मंडळातला हाडांचा डॉक्टर, ब्रॅम्प्टन

ताईंनी हवेचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी गुडघ्यांपुरतं आणि थोडं इकडचं तिकडचं लिहितो.

आईंना सांगा, निरोगी गुडघा बेताने पळून झिजत नाही. त्रास होतो तो बहुतेक वेळा अंतर अचानक वाढवल्याने आणि मांड्या नि नितंबांचे स्नायू कमजोर असल्याने. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं स्क्वॉट, पायरीवर एका पायाने चढउतार, टाचा उचलणं, एवढं करा. हे लोक सगळ्यात आधी सोडून देतात आणि मग फेब्रुवारीत माझ्याकडे येतात. दुखणं दोन प्रकारचं असतं, पळाल्यावर पाय भरून येणं हे चालायचंच, पण दुखतंय म्हणून पाऊल वेगळं पडायला लागलं किंवा हाडावर एका ठिकाणी बोट ठेवून दुखतं, तर थांबायचं आणि दाखवायचं. चाळिशी उलटली असेल, घरात लवकर हार्ट अटॅकचा इतिहास असेल, बीपी-शुगर असेल तर आत्ताच तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, जानेवारीत नको. छातीत दाब, पळताना चक्कर, हे झालं तर तिथल्या तिथे थांबायचं, त्यात तडजोड नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. रेसच्या सकाळी खबरदारी म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला त्रास देते. आणि उकाड्याच्या भीतीने प्रत्येक टेबलावर ढसाढसा पाणी पिऊ नका. नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, आणि वाढलं तर जिवावर बेततं. तहान लागेल तसं प्या, हळू पळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. ओआरएसचं पाकीट न्यायचं तर नेहमीचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं, अर्ध्या बाटलीत अख्खं ओतायचं नाही.

———

प्रेषक: माहीमची लेक, सध्या मिसिसॉगा

ताई, डॉक्टर, किती आभार मानू. काल रविवारी सात किलोमीटर पाढा म्हणत केले, नेहमीपेक्षा कितीतरी हळू, आणि घरी येऊन थकवा असा नव्हताच, दुपारी झोपलेही नाही! तिकिटाचं नवऱ्याशी बोलले, २ जानेवारीला निघायचं जमतंय असं दिसतंय, एक आठवडा माहीमहून काम करेन.

> थोडा चढ देऊन पळत जा, का ते पुढे सांगते

ताई तुम्ही हे अर्धवट सोडलंत. आणि खाण्याचं पण सांगा, मी सकाळी काहीच न खाता पळते. आईकडे उतरले की रोज कोणाकडे ना कोणाकडे जेवायला बोलावणं असणार, संक्रांत पण त्याच आठवड्यात.

———

प्रेषक: मंडळाची जुनी सभासद, आता दादर

चढाचं कारण पेडर रोड. सगळा रूट डोळ्यासमोर आणून देते. रेतीबंदरावरून काळोखात सुटतेस, माहीम कॉजवेवरून वांद्र्याकडे आणि मग सी लिंक. एरवी तिथे पायी जायला बंदी, या एका सकाळी साडेपाच किलोमीटर पूल आपला. खालून समुद्राचा वारा, दिवे, पुढे मागे हजारो माणसं, अंगात वारं भरतं आणि इथेच सगळे जोरात सुटतात. तू सुटू नकोस. त्या पुलावर बाजूला टाळ्या वाजवायला कोणी नसतं, फक्त पावलांचा आवाज येतो, तो ऐकत आपल्या वेगाने जा. मग वरळी, हाजी अली, आणि पाय जड व्हायला लागतात नेमका तेव्हा पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. उंची फार नाहीये पण जागा वाईट आहे. तिथे पावलं लहान कर, नजर चढाच्या माथ्यावर न ठेवता दहा पावलं पुढे ठेव, हात जरा जास्त हलव, आणि चालावंसं वाटलं तर चाल, काही बिघडत नाही. आणि तिथले लोक बघ गं, बिल्डिंगीच्या गेटपाशी आज्या गाउनवर शाल घेऊन उभ्या असतात, कोणी संत्र्याच्या फोडी, कोणी चिक्की, कोणी चिमूटभर मीठ हातावर ठेवतं, लहान मुलं टाळी द्यायला हात पुढे करून असतात. पहिल्यांदा तो चढ चढताना मला रडू आलं होतं. केम्प्स कॉर्नरनंतर उतार लागतो, तिथे मोकळं सुटू नको, मांड्या पुढच्या बाजूने भरतात आणि मरीन ड्राइव्हला गोळे येतात. ट्रेडमिलवर उताराची सवय होत नाही, म्हणून तुझ्या घराजवळचा एखादा उतार शोध आणि बर्फ पडायच्या आधी तिथे हळू उतरून घे.

ऊन कधी लागेल हेही सांगते. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्योदय सव्वासातला. पावणेतीन तास धरलेस तर शेवटचा पाऊण-एक तास उजेडात. मरीन ड्राइव्हला सकाळी बऱ्याच ठिकाणी बिल्डिंगींची सावली असते, तिचा फायदा घे, पण टोपी ठेव.

खाण्याचं. पाच किलोमीटरला उपाशी चालतं, दीड-दोन तासांना नाही. लाँग रनच्या आधी तासभर एक केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, आणि पाऊण तासानंतर मधे मधे काहीतरी गोड पोटात जायला हवं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणतात, एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घे. काहीजणांना पळताना घ्यायचं गोड जेल सोसतं, काहींचं पोट बिघडतं, मला खजूर आणि चिक्कीचे तुकडे बरे. जे काही घेशील ते ऑक्टोबरपासून दर रविवारी घेऊन बघ. रेसच्या दिवशी नवं काहीही नको, खाणं नाही, शूज नाहीत, मोजेसुद्धा नाहीत. शूज आत्ताच घे आणि रेसपर्यंत चांगले मुरू दे. दमट हवेत कपडा ओला होऊन काखेत, मांड्यांना, ब्राच्या पट्टीखाली घासतो, तिकडे तुला कळणारही नाही, इथे साल निघते. व्हॅसलीन भरपूर.

जेवणाची आमंत्रणं सगळी रविवारनंतर ठेव, स्पष्ट सांगून टाक, आपली माणसं समजून घेतात. तिळगूळ खा खुशाल. गुरुवारपासून बाहेरचं, सरबत-गोळा-चटणी वगैरे बंद आणि शनिवारी रात्री आईच्या हातचा साधा वरणभात, लवकर. मासे सोमवारी.

आल्यावर सवयीसाठी रोज थोडं पळायचं. तू ३ तारखेला पोचलीस की ५ पासून मी तुला सकाळी सहाला शिवाजी पार्कला भेटते. कट्ट्याभोवतीची फेरी सव्वा किलोमीटरला जराशी कमी, दोन-तीन फेऱ्यांनी सुरुवात, हळूहळू वाढवू. एखाद्या सकाळी वरळी सी फेस, आणि पेडर रोड एकदा पायी चढून येऊ म्हणजे दिवसा ओळख झालेली बरी. निघायच्या आधी समीर ॲपवर हवेतलं प्रदूषण बघत जाऊ, हिवाळ्यात कधी कधी सकाळीच धुरकट असतं, अशा दिवशी पळायचं नाही, घरात व्यायाम करायचा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधीच्या दिवसांत रेसच्या एक्स्पोत जाऊन घ्यावा लागतो, रेसच्या सकाळी मिळत नाही. शनिवारपर्यंत थांबू नकोस, गर्दी असते आणि उभं राहून पाय दुखतात. ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल सोबत ठेव. रेसच्या पहाटे रस्ते बंद असतात, तुला तर घरून चालतच जाता येईल, पण बाबांना तुला शेवटी भेटायचं असेल तर गाडी काढू देऊ नको, माहीमहून लोकलने चर्चगेट आणि तिथून आझाद मैदानाकडे चालत.

———

प्रेषक: माहीमची लेक, सध्या मिसिसॉगा

तिकीट बदललं! ३ ला रात्री पोचतेय. बाबांना लोकलचं सांगितलं, ते म्हणाले मी पेडर रोडलाच उभा राहतो, संत्री घेऊन. ताई, ५ ला सहा वाजता शिवाजी पार्क, पण कुठल्या बाजूला, महाराजांच्या पुतळ्यापाशी की गणपती मंदिरापाशी?

———

प्रेषक: मंडळाची जुनी सभासद, आता दादर

गणपती मंदिरापाशी. येताना एक सुका टीशर्ट जास्तीचा आण.