पाचगणीच्या घरातली फायरप्लेस : आतून भट्टीच्या विटा लावायच्या आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,

पाचगणीला आमचं आजोबांच्या वेळचं जांभ्याचं घर आहे. बैठकीच्या खोलीत फायरप्लेस आहे. तोंड ३० इंच रुंद, २६ इंच उंच, आत १८ इंच खोल. आई ७८ वर्षांची आहे. दिवाळी झाली की संध्याकाळी तिची खुर्ची तिथेच असते, म्हणून यंदा हे काम नीट व्हावं असं फार वाटतं.

दोन वर्षांपूर्वी गवंड्याने आतून सिमेंटचा गिलावा केला होता. पहिल्याच हिवाळ्यात तो पोकळ वाजायला लागला. एका रात्री तळहाताएवढा तुकडा फटकन उडाला आणि आईच्या पायाशी सतरंजीवर पडला. सतरंजीला भोक पडलं. तेव्हापासून आम्ही जाळ केलेला नाही. काल उरलेला गिलावा खरवडून काढला, तर मागच्या भिंतीचा जांभा ओला. खिळा दाबला की अर्धा इंच आत जातो, तांबडा भुगा बोटांना चिकटतो.

आता तोच गवंडी म्हणतो, साध्या विटा सिमेंटात बांधून टाकू. मला पटत नाही. पुण्याच्या दुकानदाराकडे ९ × ४.५ × ३ इंचाच्या फायर ब्रिक आहेत. तीन इंच जाडी धरून उभ्या लावल्या तर तळासकट पन्नास-पंचावन्न लागतील असा माझा हिशेब. तो पांढऱ्या, वजनाला हलक्या विटाही दाखवतो, 'या उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत' म्हणतो. कोणत्या घेऊ? सांध्यांत काय भरायचं? आणि तोंड लहान झाल्यावर धूर खोलीत येईल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद – सातारकर

फाउंड्रीत भट्टी दुरुस्तीवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

पांढऱ्या विटा नको. त्या मऊ असतात, ओंडका आपटला की कोपरे उडतात. जड, पिवळसर विटाच घ्या. ३० ते ४० टक्के ॲल्युमिनाच्या (विटेला उष्णता सोसायला लावणारा घटक) पुरतात, त्यावरच्या घेण्यात पैसे वाया.

खरी गोम सांध्यात आहे. फायर क्लेची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीची, नुसती पावडर पाण्यात कालवून देतील, ती घेऊ नका. ती हजार अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पक्की होत नाही, आणि घरच्या जाळात विटा तेवढ्या तापत नाहीत. सांधा कायम भुसभुशीत राहतो. डब्यात तयार मिळणारा मॉर्टर, म्हणजे सांध्यात भरायचा मसाला, हवेवर सुकतो, पण त्यात बहुधा सोडियम सिलिकेट असतं आणि काही प्रकार पाण्याने सुटतात. तुमच्याकडचा पाऊस पाहता हाय ॲल्युमिना सिमेंटचा मॉर्टर घ्यावा. सांधा दोन-तीन मिलिमीटरचाच ठेवायचा. वीट मॉर्टरात बुडवायची, जागेवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकायची. गवंड्याला थापीने जाड थर मारू देऊ नका.

मागच्या जांभ्याला विटा चिकटवू नका, अर्धा इंच मोकळं सोडा. तापल्यावर वीट फुगते, तिला जागा लागते. धुराची काळजी नसावी. तोंड लहान झालं आणि धुराडं तेवढंच राहिलं तर ओढ सुधारतेच. फक्त वरचा गळा, म्हणजे धूर धुराड्यात शिरतो ती जागा, अरुंद करू नका. धुराड्याला लागून लाकडी तुळई आहे का, तेही पाहून घ्या.

काम झाल्यावर आठवडाभर जाळ नको. मग दोन-तीन दिवस नुसत्या काटक्या.

पण आधी सांगा, भिंत ओली कशाने? धुराड्यावर टोपी आहे का?

धागाकर्ता

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचला आणि चुलाण्यात बसून वर पाहिलं. सरळ आभाळ दिसतं, टोपी नाहीच! चार महिन्यांचा पाऊस थेट आत येत होता आणि आम्ही दोष गिलाव्याला देत होतो. विटांची ऑर्डर थांबवली आहे, भिंत वाळेपर्यंत थांबतो. टोपी पत्र्याची करू की दगडी फरशीची? आणि धूर निघायला चारही बाजूंनी किती उंच मोकळं ठेवायचं?