आई कुठे काय करते: आशुतोषला मारायची खरंच गरज होती का?

नीलम_ठाणे: मालिका 2024 च्या नोव्हेंबरमध्ये संपली पण माझ्या डोक्यातून हे जात नाहीये म्हणून विचारतेय. अरुंधतीने आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग अनिरुद्धला घटस्फोट दिला, गाणं परत सुरू केलं, आणि आशुतोषशी लग्न केलं तेव्हा माझ्या सासूबाई निवडायला घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून रडत होत्या. म्हणाल्या, ह्या वयात असं कोणी विचारणारं हवं गं. आणि मग त्याचा अपघात दाखवून त्याला मारूनच टाकलं! सासूबाईंनी त्यानंतर मालिका बघणंच सोडलं. तुम्हाला काय वाटतं, हे बरोबर केलं का?

कोल्हापूरची_सून: अजिबात नाही. मोठी मुलं असलेली बाई दुसरं लग्न करते हे आपल्याकडे मालिकेत कोण दाखवतं? तिला सुखाने नांदताना दाखवायला काय हरकत होती, भांडणं काय सुखाच्या घरात होत नाहीत का. अरुंधती झालेल्या मधुराणीताईंनी काम इतकं सुंदर केलंय की त्या एपिसोडला मी पण रडले, पण राग लेखकांचा आला.

प्रसाद_नाशिक: मला नाही पटत. नवरा गेला तरी ती परत अनिरुद्धकडे गेली नाही ना, तेच महत्त्वाचं आहे. नवरा कसा का असेना, शेवटी बाईने त्याच्याकडेच यायचं, हे वर्षानुवर्षं बघत आलोय आपण. इथे तसं केलं नाही. आणि मिलिंद गवळींचा अनिरुद्ध बघून आमच्या बाबांनी एकदा टीव्हीच बंद केला होता, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

नीलम_ठाणे: @प्रसाद हो हा मुद्दा बरोबर आहे, पण परत न जाण्यासाठी तिला विधवाच करायला हवं होतं असं थोडीच आहे?

मेधाकाकू: मूळ बंगाली श्रीमोयी, मग आपली, मग 2020 मध्ये हिंदीत अनुपमा. गोष्ट एकच पण मला आपली जवळची वाटते कारण अनिरुद्धची आई, कांचनआई. सुनेचं चुकतंय असं म्हणत म्हणत शेवटी लेकाचं चुकलंय हे तिला कळायला किती वर्षं गेली, अशा सासवा मी पाहिल्यात. आशुतोषचं मलाही वाईट वाटलं गं, आणि शेवटी शेवटी दुपारी अडीचला टाकली तेव्हा तर नोकरीवाल्या बायकांची सुटलीच. पण नीलम, सासूबाईंना हॉटस्टारवर जुने एपिसोड लावून दे, लग्नापर्यंतचेच.

नीलम_ठाणे: काकू हे बेस्ट आहे, रविवारी लावते. आशुतोषने मागणी घातली तिथपासून सुरू करू का त्याच्या आधीपासून?

मेधाकाकू: आधीपासून. ती घर सोडते तिथपासून बघा.