शील बाजूला ठेवून शिकवलेलं ध्यान पुरेसं आहे का?

चार्ल्सकाठ

गेल्या गुरुवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माइंडफुलनेसचं सत्र होतं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. आधी नुसता बघा, सुरकुत्या बोटाने चाचपा, वास घ्या, मग जिभेवर ठेवा, पण चावू नका. बेदाणा इतका गोड असतो हे मला खरोखर त्या दिवशी कळलं. आणि नेमका दाताखाली घेतला तेव्हा टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरायला लागला. त्या आठवड्याची ऑन-कॉल पाळी, म्हणजे फोन आला की केव्हाही उठून काम बघायची, माझी होती. आमच्या सहाजणांतले दोघे मार्चमध्ये कमी केले, त्यांचं काम उरलेल्या चौघांत वाटलं. सहाव्या आठवड्याला यायची ती पाळी आता चौथ्याला येते. मी उठलो. बाई मायेने म्हणाल्या, "जाताना पावलांकडे लक्ष असू द्या."

बाईंवर माझा राग नाही. कंपनीत ताण माझ्या मनात आहे असं धरून चालतात, ह्याचा राग आहे. कामाच्या वाटणीचा विषय काढला की "त्यावर वेगळी मीटिंग घेऊ".

हा बेदाण्याचा सराव आमच्या बॉस्टनपासून तासाभरावर, वूस्टरला रुजला. तिथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, पुढे तो आठ आठवड्यांचा म्हणून जगभर गेला. ते स्वतः झेन आणि विपश्यना शिकलेले. दवाखान्यात चालावं म्हणून बुद्धाचं नाव, वंदना, सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. ते मला पटतं. पण त्यासोबत शीलही गेलं. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्मा सति (योग्य सजगता) सातवी. तिच्या आधी सम्मा वाचा, सम्मा कम्मन्त, सम्मा आजीव (योग्य बोलणं, वागणं, उपजीविका) येतात, तेच शील. म्हणजे पोट कशावर भरता, कुणाच्या जिवावर भरता, हे आधी बघायचं. 'सति' म्हणजे आपल्या 'स्मृती'चंच पाली रूप. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला आणि तो रुळला. पण स्मृती म्हणजे नुसतं लक्ष नव्हे, कसं वागायचं ठरवलं होतं त्याची आठवणही त्यात आहे. २०२१ साली ॲमेझॉनने गोदामातल्या कामगारांसाठी टेलिफोन बूथएवढी एक खोली दाखवली, आत बसून ध्यानाचे व्हिडिओ बघायचे. लोक चिडले तेव्हा ते ट्वीट काढून टाकलं. त्या खोलीत बसून कामगाराने काय आठवायचं?

आपल्या मातीतली एवढी मोठी गोष्ट इकडे पश्चिमेतल्या लोकांनी अर्धीच उचलली, असं मला वाटतं. तुम्हाला?

रात्रपाळी

"अर्धीच" म्हणालात, पण त्याच अर्ध्यावर मी उभी आहे.

मी लीड्समध्ये नर्स आहे. बारा वर्षांत तीनदा नैराश्याने मला पार आडवं केलं. तिसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी आठ आठवड्यांच्या वर्गाला पाठवलं. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी कबाट-झिन यांच्या पद्धतीला मानसोपचाराची जोड देऊन तो बांधलाय. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलंय त्यांच्यासाठी इंग्लंडच्या अधिकृत उपचार-मार्गदर्शनात तो २००४ पासून आहे. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४२४ रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांत गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना आजार परतला, वर्ग करून गोळ्या कमी करत नेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. जादू नाही, पण गोळ्यांच्या तोडीचं आहे. (डॉक्टरांना न विचारता गोळ्या कुणीही बंद करू नका, हात जोडून सांगते.)

पहाटे चारला जाग येते. छातीवर दगड, आणि डोक्यात तेच वाक्य, "तुझ्याच्याने काही होत नाही." पूर्वी मी उजाडेपर्यंत त्या वाक्याशी भांडत बसायचे. आता टाचा गादीला कुठे टेकल्यात ते बघते, तीन मिनिटं श्वास बघते. वाक्य येतं, थोडा वेळ राहतं, कधीकधी जातं. साडेसहाला उठून मुलाचा डबा भरते. पूर्वी तो डबा शेजारीण भरायची.

माझ्या वर्गात एक पाकिस्तानी आजी होत्या, एक नेमाने चर्चला जाणारे निवृत्त बसड्रायव्हर होते आणि सोवळ्या घरातून आलेली मी. पहिल्याच दिवशी पंचशील (बौद्धांचे आचरणाचे पाच नियम) विचारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते. तुमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्याची पावती ध्यानाच्या नावावर फाडू नका.

चार्ल्सकाठ

रात्रपाळी, दवाखान्यातला वर्ग आणि ऑफिसातला तास मी एकाच पारड्यात टाकले, ती चूक कबूल. पण तुमच्या डॉक्टरांनी आजार बघून औषध दिलं. आमच्याकडे आजार बघायलाच कुणी तयार नाही.

इंदोऱ्याचा

जयभीम. "आपल्या मातीतली" ह्या शब्दांवर मला बोलायचंय.

माझे आजी-आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षाभूमीवर होते. आजीने पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून आणलं होतं, आणि परत करायच्या आधी दोनदा धुतलं, कारण त्याचे काठ धुळीने भरले होते. हे ती मरेपर्यंत सांगायची. धम्म घेतला म्हणून गावाने त्यांना जवळ केलं नाही. केंद्राच्या सवलती बौद्ध झालेल्यांना मिळायला १९९० उजाडलं. तेव्हा ही गोष्ट 'आपली' नव्हती, 'त्यांची' होती. आता अमेरिकेने उचलली म्हणून ती सगळ्यांची झाली, हे मला टोचतं.

मुद्द्यावर येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांचा सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्याचे शाक्य आणि शेजारचे कोलिय भांडतात, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि देशत्याग पत्करतो. दुःख माणसामाणसांतही असतं, ते नुसतं आतमध्ये शोधून सापडत नाही. चार्ल्सकाठ, तुमची ऑन-कॉल पाळी म्हणजे रोहिणीचं पाणी आहे. भांडण वाटणीचं आहे.

रात्रपाळीताई, तुम्ही सावरलात ह्याचा मनापासून आनंद आहे. पण पंचशीलाचं वाक्य लागलं. आमच्या विहारात रविवारी पाच-सहा वर्षांची पोरं "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि" म्हणतात, म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहायची शिकवण मी घेतो. कुणी कुणाला काही विचारत नाही. समादियामि म्हणजे मी स्वतःहून घेतो. त्यात परीक्षा कुठे आहे?

रात्रपाळी

तुम्हाला लागलं, त्याबद्दल माफ करा. भीती पंचशीलाची नव्हती. त्या दिवसांत कुणी "खरं बोलतेस का?" एवढं जरी विचारलं असतं तरी मी स्वतःला दोषी ठरवून मोकळी झाले असते. नैराश्यात शील हे चाबकासारखं वापरलं जातं, स्वतःवरच. म्हणून आजाऱ्याच्या वर्गात ते नसावं, ह्या मतावर मी ठाम आहे. निरोगी माणसांच्या ऑफिसात असावं की नाही, ते चार्ल्सकाठ आणि तुम्ही ठरवा.

मौन_दहा

पश्चिमेने शील टाकलं, हे सरसकट खरं नाही. विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या परंपरेचं शेलबर्न फॉल्सचं केंद्र १९८२ पासून त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. इगतपुरीसारखंच तिथेही पहिल्या संध्याकाळी पंचशील घ्यावं लागतं, मगच श्वासाला हात. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फोन जमा, फी नाही. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. चार्ल्सकाठ, तुमच्यापासून दोन तासांवर पूर्ण गोष्ट आहे आणि तुम्ही अर्धीबद्दल तक्रार करताय.

रात्रपाळी

दहा दिवस मुलाला कुठे ठेवू?

फळा_खडू

इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळेत शिकवते. ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांचा मोठा अभ्यास २०२२ साली आला. सगळ्या वर्गाला सरसकट माइंडफुलनेस शिकवलं, तर शाळेत एरवी चालतं त्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. घरी सराव करणारी मुलं थोडीच होती. ज्याला गरज आहे आणि ज्याने स्वतः निवडलंय त्याला द्या. रात्रपाळींचा वर्ग म्हणूनच चालला असणार.

सॅन_होजेकर

तुम्ही सगळे 'पश्चिम' म्हणजे गोरे लोक धरून बोलताय. जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे जपानी धर्मोपदेशक सॅन फ्रान्सिस्कोला १८९९ साली उतरले. १९४२ मध्ये सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा बौद्ध पुरोहितांना आधीच उचललं होतं. छावणीतही त्यांनी वंदना सोडली नाही. आमच्या इथल्या जपानटाऊनच्या मंदिरात जुलैमध्ये ओबोन असतो, पूर्वजांसाठी रस्त्यावर नाच. डोळे मिटून कुणीही बसलेलं नसतं. मग हा बौद्ध धर्म अर्धा की पूर्ण?

चार्ल्सकाठ

"आपल्या मातीतली" हे शब्द मी मागे घेतो. मी पुण्याचा, आमच्या घरात बुद्धाची मूर्ती शोकेसमध्ये होती आणि बुद्धजयंती कधी येते ते कुणाला ठाऊक नसायचं. इंदोऱ्याचा, तुमच्या आजीचं लुगडं वाचल्यावर तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही.

मौन_दहा, शिबिराला जाईनही. पण तिथून परतल्यावर पाळी चौथ्याच आठवड्याला येणार.

बाकी रोहिणीचं पाणी डोक्यातून जात नाही. काल आम्ही चौघे जेवायला एकत्र बसलो आणि मार्चपासून रात्री कुणाला किती वेळा उठवलं ते कागदावर लिहून काढलं. तिघांचे आकडे जवळपास सारखे निघाले. चौथी आमच्यात सगळ्यांत नवी, तिचा आकडा आमच्या दुप्पट होता. ती कधीच काही बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. कागदावर चौघांच्या सह्या आहेत. गुरुवारी सत्राला जाताना तो बरोबर नेणार आहे. शेवटी प्रश्नांना दहा मिनिटं असतात आणि ह्या वेळी मॅनेजरही बसणार आहेत.